दुसरा बोलत असताना : टीव्हीवरची डिबेट आणि उमेदवाराची प्रतिमा

आजचा विषय आहे टीव्हीवरच्या डिबेटमध्ये राजकीय उमेदवार आपली प्रतिमा कशी घडवतात. असा विषय म्हटला की आपल्याला वाटतं, आता वक्तृत्वाबद्दल ऐकायला मिळणार. कोण कसं बोललं, कुणी कुणाला कोणत्या शब्दांत गप्प केलं, वगैरे. ते थोडंफार येईलच. पण मला आज दुसरीच गोष्ट सांगायची आहे. उमेदवार स्वतः बोलत असताना त्याची प्रतिमा जेवढी घडते, त्याहून जास्त ती समोरचा बोलत असताना घडते, आणि बिघडतेही. दीड तासाच्या डिबेटमध्ये दोघे असतील तर प्रत्येक जण जवळजवळ अर्धा वेळ गप्प उभा असतो. त्या गप्प उभ्या राहण्याबद्दल आपण बोलणार आहोत. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली घेतो, कारण हा प्रकार तिथे सर्वांत जास्त मुरलेला आहे.

सुरुवात एका कागदापासून करू. २००४ च्या निवडणुकीत धाकटे जॉर्ज बुश आणि जॉन केरी समोरासमोर होते. डिबेट होण्याआधी दोन्ही प्रचारयंत्रणांनी बसून एक करार केला. बुश यांच्या बाजूने माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर, केरी यांच्या बाजूने व्हर्नन जॉर्डन. दोघेही मुरब्बी. करार किती पानांचा? ३२. पोडियम किती उंचीचे असावेत, दोघांत अंतर किती असावं, वेळ संपत आली हे दाखवणारे दिवे कुठे असावेत, उमेदवारांनी बरोबर काय न्यायचं (कोरा कागद आणि पेन, बाकी काही नाही), एकमेकांना थेट प्रश्न विचारायचे नाहीत, हे सगळं त्यात लिहिलेलं. लग्नाच्या याद्या करताना सुद्धा आपण इतकं बारीक जात नाही. आणि त्यातच एक कलम असं होतं, की एक उमेदवार उत्तर देत असताना कॅमेऱ्याने दुसऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही.

आता विचार करा. देशाचा अध्यक्ष आणि त्याचा प्रतिस्पर्धी, दोघांचे सल्लागार एका गोष्टीवर एकमताने सह्या करतात, की आमचा माणूस ऐकत असताना त्याला कुणी बघू नये. बोलायला ते घाबरत नव्हते. बोलण्याची तयारी आठवडे आठवडे झालेली होती. भीती होती ती ऐकण्याची.

टीव्ही वाहिन्यांनी सांगितलं, हा करार तुमच्या दोघांतला आहे, आम्ही काही त्यावर सही केलेली नाही. ३० सप्टेंबरला फ्लोरिडातल्या कोरल गेबल्सला पहिली डिबेट झाली आणि वाहिन्यांनी खुशाल दोघांचे चेहरे शेजारी शेजारी दाखवले. केरी बोलत होते, आणि बुश कपाळाला आठ्या घालून, ओठ आवळून, इकडे तिकडे बघत उभे. दुसऱ्या दिवशी डेमोक्रॅटिक पक्षाने फक्त त्या चेहऱ्यांची जुळणी करून एक छोटी फिल्म काढली. बुश यांचे मुद्दे त्यात नव्हतेच. आठवडाभराने दुसऱ्या डिबेटमध्ये खुद्द बुश यांनीच, केरींचं उत्तर ऐकून आपल्याला पुन्हा आठ्या घालाव्याशा वाटल्या, असा विनोद केला. म्हणजे काय चुकलं हे त्यांनाही बरोबर कळलं होतं.

हे असं का होतं? त्यामागची यंत्रणा साधी आहे. सभेत आपण वक्त्याकडे बघतो. व्यासपीठावर मागे बसलेले पाहुणे जांभई देतात की मोबाइल बघतात, ते फारसं कुणी बघत नाही. टीव्हीत मात्र आपण कुठे बघायचं हे दुसराच कुणीतरी ठरवतो. कंट्रोल रूममध्ये दिग्दर्शक बसलेला असतो, त्याच्यासमोर सहा-सात कॅमेऱ्यांची चित्रं असतात आणि त्यातलं कुठलं घरोघरी जाणार हे तो क्षणाक्षणाला ठरवतो. बोलणाऱ्याचा चेहरा सलग दोन मिनिटं दाखवला तर चित्र मरतं. म्हणून तो मध्येच ऐकणाऱ्याकडे वळतो. याला रिअ‍ॅक्शन शॉट म्हणतात. बोलणाऱ्याचे शब्द चालू, चेहरा मात्र ऐकणाऱ्याचा. आता त्या ऐकणाऱ्याकडे शब्दच नाहीत. तो खुलासा करू शकत नाही. तो मान डोलावतो, हसतो, घड्याळ बघतो, घाम पुसतो, आणि त्याचा अर्थ लावण्याचं काम पूर्णपणे आपल्यावर सोपवलेलं असतं. आणि चेहऱ्याचा अर्थ लावण्यात प्रत्येक माणूस स्वतःला तज्ज्ञ समजतो. करप्रणालीवर कोण बरोबर, हे मला कळणार नाही. पण हा माणूस वैतागलाय, हे मला कळतंच.

आता १९६० कडे जाऊ. केनेडी आणि निक्सन. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोतला सीबीएसचा स्टुडिओ, आणि पडद्यासमोर साधारण साडेसहा-सात कोटी माणसं. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. केनेडी देखणे, उन्हात रापलेले. निक्सन आजारी, दाढीची खुंटं दिसतायत, घाम येतोय. ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना वाटलं निक्सन जिंकले, ज्यांनी टीव्हीवर बघितलं त्यांना वाटलं केनेडी जिंकले. माध्यमांच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा किस्सा असतो.

यातलं काय खरं आहे ते जरा वेगळं काढून बघू. निक्सन आजारी होते हे खरं. ऑगस्टमध्ये गाडीच्या दारावर गुडघा आपटला, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि जवळजवळ दोन आठवडे इस्पितळात काढावे लागले. वजन उतरलं होतं, शर्टाची कॉलर सैल झाली होती. स्टुडिओत शिरताना तोच गुडघा पुन्हा गाडीला आपटला. अंगात फिकट करडा सूट आणि मागची भिंतही करडी. काळ्यापांढऱ्या टीव्हीवर हा माणूस मागच्या भिंतीत विरघळून गेला. केनेडी गडद सुटात. चेहऱ्याला व्यवस्थित मेकअप करून घ्यायला निक्सन तयार झाले नाहीत; खुंटं झाकायला तेवढी एक पावडर फासली. हेही खरं.

पण निक्सन यांना टीव्ही कळत नव्हता, असं जे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. १९५२ मध्ये पैशाच्या आरोपावरून त्यांची उपाध्यक्षपदाची उमेदवारी जाणार अशी वेळ आली होती, तेव्हा याच गृहस्थांनी टीव्हीवर अर्ध्या तासाचं भाषण करून, त्यात मुलींच्या चेकर्स नावाच्या कुत्र्याचा उल्लेख करून, सगळा डाव उलटवला होता. एकट्याने कॅमेऱ्याशी बोलणं त्यांना उत्तम येत होतं. शिकागोत त्यांच्यापुढे नवीन गोष्ट आली, ती म्हणजे दुसरा बोलत असताना कॅमेऱ्यात असणं. तिची त्यांना फारशी सवय नव्हती.

आणखी एक. निक्सन कॉलेजात नामवंत वादपटू होते. वादस्पर्धेत काय शिकवतात? प्रतिस्पर्ध्याचा मुद्दा घ्या, तो खोडा, परीक्षकांकडे बघून बोला. ते तसंच वागले. शिवाय त्यांचे जोडीदार हेन्री कॅबट लॉज यांनी सल्ला दिला होता, की तुमची मारेकरी अशी ख्याती झाली आहे, जरा मवाळ दिसा. म्हणून सुरुवातीच्या भाषणातच निक्सन म्हणाले की सिनेटर केनेडींनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी आपल्यापैकी अनेकांना मान्य होतील. केनेडी मात्र निक्सनशी वाद घालायला आलेच नव्हते. ते थेट कॅमेऱ्यात बघून घरात बसलेल्या माणसाशी बोलले. आणि निक्सन बोलत असताना केनेडी शांतपणे, किंचित मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत राहिले. अनुभव कमी, वय ४३, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप. त्याचं उत्तर त्यांनी उत्तरात दिलं नाही, उपाध्यक्षाशेजारी स्वस्थ बसून दिलं.

आता तो रेडिओचा भाग. त्याचा आधार म्हणजे सिंडलिंगर नावाच्या संस्थेची एक पाहणी. तिच्यात फक्त रेडिओ ऐकलेली माणसं तीनशेही नव्हती. आणि १९६० मध्ये ज्यांच्या घरी अजून टीव्ही नाही अशी माणसं कोण, याचा विचार करा. गावाकडची बरीच, प्रोटेस्टंट बरीच. म्हणजे कॅथलिक केनेडींना मुळातच मत न देणारी. १९८७ मध्ये डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेंडेल या दोन अभ्यासकांनी या दंतकथेची अशी चिरफाड केली. पण गंमत पुढे आहे. २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी, या डिबेटबद्दल काहीच माहिती नसलेल्या १७१ जणांना बोलावलं. काहींना नुसता आवाज ऐकवला, काहींना चित्रही दाखवलं. चित्र पाहणाऱ्यांचा कल खरोखरच केनेडींकडे जास्त गेला, आणि निर्णय करताना त्यांनी उमेदवाराच्या व्यक्तिमत्त्वाला जास्त वजन दिलं. म्हणजे जुना पुरावा कच्चा, पण निष्कर्षात तथ्य. असंही होतं कधी कधी.

पुढच्या डिबेटला निक्सन यांच्या माणसांनी स्टुडिओतलं तापमान इतकं खाली आणून ठेवलं की थंडी वाजावी. केनेडींच्या माणसाने तळघरात जाऊन ते पुन्हा वर चढवून आणलं. निक्सन या वेळी नीट मेकअप करून, मिल्कशेक पिऊन वजन वाढवून आले होते, आणि चांगले बोललेही. पण पहिल्या रात्रीएवढे प्रेक्षक पुन्हा आले नाहीत. केनेडी जिंकले ते सगळ्या देशात मिळून सव्वा लाखाहून कमी मतांनी. एवढ्या थोड्या फरकाने जिंकलेल्या निवडणुकीत कुठलीही एक गोष्ट निर्णायक ठरवता येते. म्हणून घामाला सगळं श्रेय देऊ नका.

त्यानंतर १६ वर्षं डिबेट झालीच नाही. कायद्यात सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याचं बंधन होतं, १९६० पुरतं ते काँग्रेसने बाजूला ठेवलं होतं. नंतर ते ठेवायची पुढे असलेल्या उमेदवारांना काही गरज वाटली नाही. १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर समोर आले आणि फिलाडेल्फियात एक विलक्षण प्रसंग घडला. डिबेट संपत आलेली असताना आवाजाची यंत्रणा बंद पडली. २७ मिनिटं आवाज नाही. मंचावर दोन माणसं, एक देशाचा अध्यक्ष, दुसरा होऊ घातलेला. दोघेही आपापल्या पोडियममागे उभे. एकमेकांशी बोलत नाहीत, शेजारी जाऊन हात मिळवत नाहीत. जो आधी हलेल तो कमजोर दिसेल, ही धास्ती. कार्टर यांनी पुढे सांगितलं, की नंतर ते चित्रण बघताना आम्ही दोघे यंत्रमानवासारखे उभे होतो याची लाज वाटली. मला हा टीव्हीच्या इतिहासातला फार खरा क्षण वाटतो. शब्द गेले, आणि मग मागे काय उरलं? नुसती प्रतिमा सांभाळत उभं राहणं.

त्याच काळात फ्रान्समध्ये एका माणसाला ही गोष्ट फार लवकर कळली होती. १९७४ मध्ये तिथे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची पहिली टीव्ही डिबेट झाली. जिस्कार देस्तँ यांनी समाजवादी फ्रान्स्वा मित्तराँ यांना सुनावलं, की सहृदयतेची मक्तेदारी काही तुमच्याकडे नाही. मित्तराँ थोडक्यात हरले. १९८१ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर. या वेळी मित्तराँ यांच्या वतीने वकील रोबेर बादँतेर आणि टीव्ही दिग्दर्शक सर्ज मोआती यांनी अटींची यादीच पुढे केली. एकवीस अटी. त्यातली कळीची अट ही, की जो बोलतोय तोच दिसेल, ऐकणाऱ्याचा चेहरा दाखवायचा नाही. २००४ मध्ये अमेरिकेत जे कागदावरच राहिलं, ते फ्रान्समध्ये अमलात आलं आणि पुढच्या कितीतरी डिबेट्समध्ये टिकलं. मित्तराँ जिंकले. त्या अटीमुळे जिंकले असं मी म्हणणार नाही, पण सात वर्षं ते कशाचा विचार करत होते हे त्यातून दिसतं.

आता अमेरिकेतच परत येऊ, कारण ऐकणारा चेहरा दुसऱ्याच्या कामी कसा येतो याचा नमुना तिथला आहे. १९८४. रेगन ७३ वर्षांचे, त्या वेळपर्यंतचे सर्वांत वयस्क अध्यक्ष. लुइव्हिलच्या पहिल्या डिबेटमध्ये ते चाचरले, समारोपात भरकटले, वेळ संपली तरी मुद्द्यावर आले नाहीत. वर्तमानपत्रांत उघड चर्चा सुरू झाली, की हे गृहस्थ थकलेत का? दोन आठवड्यांनी कॅन्सस सिटीत एका पत्रकाराने वयाबद्दल विचारलंच. रेगन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, मी वयाचा मुद्दा प्रचारात आणणार नाही. माझ्या प्रतिस्पर्ध्याचं तरुण वय आणि अननुभव यांचा मी राजकीय फायदा उठवणार नाही. प्रतिस्पर्धी वॉल्टर मॉन्डेल, वय ५६, माजी उपाध्यक्ष. सभागृह हसलं. आणि दिग्दर्शकाने काय दाखवलं? मॉन्डेलही मनापासून हसतायत. झालं. विनोद रेगन यांचा होता, पण त्यावर शिक्का मारला मॉन्डेल यांच्या चेहऱ्याने. त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं, की हसत असतानाच आपल्याला कळलं होतं, आता निवडणूक हातची गेली. रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. ते एरवीही जिंकलेच असते, आकडे तसेच होते. पण वयाचा प्रश्न त्या रात्रीनंतर कुणी धड विचारला नाही, आणि विचारायला हवा होता, असं मला वाटतं. या सगळ्या प्रकारातली खरी अडचण ती आहे. एका योग्य प्रश्नाला उत्तर न मिळताच तो निकालात निघाला, आणि सगळ्यांना वाटलं की उत्तर मिळालं.

१९९२ चं उदाहरण पटकन सांगतो. रिचमंडला सामान्य मतदारांनी प्रश्न विचारायचे होते. थोरले बुश, क्लिंटन आणि रॉस पेरो. एक बाई विचारत होती की देशाच्या कर्जाचा तुमच्यावर व्यक्तिशः काय परिणाम झाला, आणि त्याच सुमाराला बुश यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. कॅमेऱ्याने ते टिपलं. बुश यांनी दिलेलं उत्तर आज कुणाला आठवत नाही. क्लिंटन आपल्या पाळीला खुर्चीवरून उठले, चार पावलं पुढे त्या बाईजवळ गेले, आणि आधी त्यांनी तिलाच विचारलं, तुमच्यावर कसा परिणाम झाला ते पुन्हा सांगा. म्हणजे उत्तर देण्याआधी ते ऐकताना दिसले. 'दिसले' म्हणतो मी. ऐकलं किती, देव जाणे.

इथून पुढे तयारीचा रोखच बदलला. पूर्वी जाडजूड फायली पाठ करून घेत. सरावासाठी प्रतिस्पर्ध्याची भूमिका करणारा माणूस नेमायची पद्धत तर १९८० मध्येच रुळली होती. तेव्हा डेव्हिड स्टॉकमन रेगन यांच्यासमोर कार्टर होऊन उभे राहत. २०१२ मध्ये ओबामांसमोर जॉन केरी मिट रॉम्नी झाले, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्यासमोर फिलिप राइन्स ट्रम्प झाले. यात बोलण्याचा सराव होतोच, पण मोठा भाग असतो डिवचून घेण्याचा. नकली प्रतिस्पर्ध्याने वाटेल ते बोलायचं आणि खऱ्या उमेदवाराने चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याला चिकाटीने तोंड देणारा माणूस लागतो ना, तसं.

पण चेहरा आवरणं दिसतं तेवढं सोपं नाही. २००० मध्ये अल गोर विषयाच्या तयारीत धाकट्या बुशपेक्षा कितीतरी पुढे होते. बॉस्टनच्या डिबेटमध्ये बुश बोलत असताना ते मोठमोठ्याने उसासे टाकत राहिले, आणि माइक चालू होता. घरी बसलेल्या माणसाला वाटलं, हा मास्तर आहे आणि त्याला वर्गातला 'ढ' मुलगा सहन होत नाहीये. नंतर सहकाऱ्यांनी गोर यांना 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मधली त्यांची नक्कल दाखवली. परिणाम असा की दुसऱ्या डिबेटमध्ये ते इतके सौम्य झाले की ओळखू येईनात, आणि तिसऱ्या डिबेटमध्ये उलट टोक गाठलं. बुश बोलत असताना गोर चालत चालत अगदी त्यांच्या अंगाजवळ जाऊन उभे राहिले. बुश यांनी वळून बघितलं, नुसती एक मान हलवली, 'या, बसा' म्हणावं तशी, आणि पुढे बोलत राहिले. सभागृहात हशा पिकला. तीन डिबेट्समध्ये तीन वेगवेगळे गोर दिसले, आणि लोकांनी विचारलं, यातला खरा कोणता? प्रतिमा दुरुस्त करण्याचाही एक खर्च असतो तो असा.

बाईच्या बाबतीत हा हिशेब अजून अवघड होतो. ९ ऑक्टोबर २०१६ ला सेंट लुइसला हिलरी क्लिंटन प्रेक्षकांशी बोलत होत्या आणि ट्रम्प त्यांच्या मागे जवळ येऊन उभे राहत होते. त्यांनी पुढे पुस्तकात लिहिलं आहे, की मागे वळून 'लांब व्हा' असं सुनवावं का, हा विचार मनात आला होता. पण त्या शांत राहिल्या. पुरुषाने वळून सुनावलं असतं तर बाणेदार म्हटलं असतं. बाईने सुनावलं तर काय म्हटलं असतं ते इथे बसलेल्या स्त्रियांना मी सांगायला नको.

आता तुम्ही विचाराल, की याने मतं खरंच हलतात का? याचं उत्तर सरळ नाही. डॅनियल बेंजामिन आणि जेसी शापिरो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गव्हर्नरपदाच्या ५८ निवडणुकांच्या डिबेट्समधून दहा-दहा सेकंदांचे तुकडे घेतले, आवाज बंद केला, आणि त्या उमेदवारांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, कोण जिंकला असेल? त्यांचे अंदाज आर्थिक आकडेवारीवरून बांधलेल्या अंदाजांपेक्षा सरस निघाले. पुढची गोष्ट जास्त बोचरी आहे. आवाज चालू केला, म्हणजे मुद्दे ऐकू आले, तेव्हा अंदाज सुधारले नाहीत, उलट बिघडले. आता यावरून लोक चेहरा बघून मत देतात असं लगेच म्हणू नका. हरणाऱ्या उमेदवाराच्या चेहऱ्यावर हार आधीच दिसत असेल, किंवा ज्याच्यामागे पैसा आणि पक्ष आहे तो अधिक निर्धास्त दिसत असेल. चेहरा कारण आहे की लक्षण, हे त्या प्रयोगातून ठरत नाही.

उलट बाजूचे पुरावेही भक्कम आहेत. ब्रिटनमध्ये २०१० ला पहिल्यांदा पक्षनेत्यांची टीव्ही डिबेट झाली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग थेट कॅमेऱ्यात बघून बोलले, प्रश्न विचारणाऱ्यांची नावं लक्षात ठेवून त्यांना नावाने हाक मारली, आणि एका रात्रीत देशभर त्यांचंच नाव. पाहण्यांमध्ये पक्ष झपाट्याने वर चढला. निवडणूक झाली तेव्हा त्यांच्या जागा ६२ होत्या त्या ५७ झाल्या. २०१२ मध्ये डेन्व्हरला ओबामा खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहीत राहिले. गॅलपच्या पाहणीत ७२ टक्के लोकांनी रॉम्नी सरस ठरवले, २० टक्क्यांनी ओबामा. नोव्हेंबरमध्ये ओबामाच निवडून आले. पक्ष, महागाई, नोकऱ्या, ओळखीपाळखी, या गोष्टी मत ठरवतात. डिबेट मुख्यतः काठावरच्या माणसाला हलवते. फक्त काही निवडणुका काठावरच सुटतात, एवढंच.

आणि प्रतिमा स्टुडिओतच पुरी होते असंही नाही. १९७६ च्या दुसऱ्या डिबेटमध्ये फोर्ड म्हणाले, की पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही. त्या रात्री पाहणी करणाऱ्यांना लोकांनी त्यात फारसं वावगं वाटल्याचं सांगितलं नाही. मग वर्तमानपत्रांत आणि बातम्यांत दिवसभर तेच वाक्य फिरलं आणि चोवीस तासांत, फोर्ड सपशेल हरले, असं बहुसंख्य लोक म्हणू लागले. ज्यांनी डिबेट स्वतः पाहिली होती, तीच ही माणसं. आज चोवीस तास लागत नाहीत. डिबेट चालू असतानाच तिचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे मोबाइलवर फिरू लागतात, आणि तुकड्यात काय टिकतं? चेहरा टिकतो. युक्तिवाद नव्वद सेकंदांचा असेल तर तो तुकड्यात मावत नाही.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आपल्याकडे पंतप्रधानपदाच्या उमेदवारांची अशी डिबेट होत नाही. मतदार खासदार निवडतो, पंतप्रधान थेट निवडत नाही, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. ब्रिटनमध्येही संसदीय पद्धतच आहे आणि तिथे होतात, म्हणून ते कारण मला अपुरं वाटतं. मे २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती मदन लोकूर, माजी न्यायमूर्ती अजित शहा आणि पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी या दोघांना जाहीर चर्चेचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधींनी होकार कळवला, भाजपने आपल्या युवा मोर्चाच्या उपाध्यक्षांचं नाव पुढे केलं, आणि चर्चा काही झाली नाही. आपल्याला सवय आहे ती वृत्तवाहिन्यांवरच्या रात्री नवाच्या चौकटींची. आठ चौकटी, आठही जण एकाच वेळी बोलतायत. तिथे ऐकणारा चेहरा दिसतच नाही, कारण ऐकणारा कुणी नसतो. त्यामुळे आज ज्याबद्दल बोलतोय ती परीक्षा आपल्या नेत्यांची कधी होतच नाही.

परीक्षा हा शब्द मी मुद्दाम वापरला. या सगळ्या प्रकाराला नुसतं नाटक म्हणून झटकून टाकावं, या मताचा मी नाही. आपल्याविरुद्ध कुणी दोन मिनिटं बोलत असताना शांत राहता येणं, हा राज्यकर्त्याच्या कामाचा भाग आहे. मंत्रिमंडळात, शिष्टमंडळासमोर, परक्या देशाच्या प्रमुखासमोर त्याला हेच करायचं असतं. त्यामुळे त्या चेहऱ्यात काहीतरी माहिती असते. अडचण ही, की ती माहिती शिकवून बसवलेली असते, आणि खरं ऐकणं व ऐकल्याचा अभिनय यांत कॅमेरा फरक करत नाही. म्हणून मी स्वतः एक करतो. डिबेट पाहिली की दुसऱ्या दिवशी तिची लिखित प्रत मिळवून वाचतो. आणि बघतो, की समोरचा जे बोलला त्याला पुढच्या उत्तरात खरोखर कुणी हात घातला का? ऐकलं असेल तर त्याची खूण पुढच्या वाक्यात पडते. १९६० ची प्रत अशी वाचून बघा. निक्सन मुद्द्यामागून मुद्दा घेऊन उत्तर देताना दिसतात. पडद्यावर नेमका तोच माणूस अस्वस्थ दिसत होता.

शेवटी २०२४. या वर्षी नियमच असा झाला, की एकाची पाळी असताना दुसऱ्याचा माइक बंद. २०२० च्या क्लीव्हलँडमधल्या आरडाओरड्यानंतर हा उपाय आला होता. २७ जूनला अटलांटात, समोर प्रेक्षक नाहीत, ट्रम्प बोलतायत, आणि शेजारच्या चौकटीत बायडेन, तोंड किंचित उघडं, नजर स्थिर. ते बोलतानाही अडखळले, पण त्या चौकटीने जे सांगितलं ते पक्षातल्या लोकांनाही नाकारता येईना. २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. रेगन यांच्या वेळी विनोदाने झाकला गेलेला प्रश्न ४० वर्षांनी असा उघडा पडला.

१० सप्टेंबरला फिलाडेल्फियात कमला हॅरिस मंचावर आल्या त्या थेट ट्रम्प यांच्या पोडियमपर्यंत चालत गेल्या आणि हात पुढे केला. १९८० मध्ये रेगन असेच चालत कार्टर यांच्याकडे गेले होते. माइक चालू ठेवावेत असा हॅरिस यांच्या लोकांचा आग्रह होता, तो मान्य झाला नाही. मग त्यांनी बंद माइकसमोर चेहराच वापरला. भुवया उंचावल्या, हनुवटीवर हात ठेवला, हसल्या, मान हलवली. ट्रम्प बहुतेक वेळ सरळ समोर बघत राहिले, शेजारच्या बाईकडे वळलेच नाहीत. साधारण ६ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिलं. सीएनएनच्या त्या रात्रीच्या पाहणीत ६३ टक्के प्रेक्षकांनी हॅरिस जिंकल्या असं सांगितलं, ३७ टक्क्यांनी ट्रम्प. आठ आठवड्यांनी निवडणूक ट्रम्प यांनी जिंकली.

आता प्रश्न घेऊ या. माइक मागच्या रांगेपासून सुरू करा.